काडतुसांची टंचाई : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांकडे बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) काडतुसे वेळेवर का मिळत नाहीत, याविषयी मागील अंकात मी लिहिले होते. त्यावर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. हा विषय फार थोड्या लोकांचा आहे असे वरवर वाटते; परंतु बँकेच्या दारातील रक्षक, साखर कारखान्याचा पहारेकरी, डोंगरकपारीत शेती करणारा परवानाधारक आणि नेमबाजी शिकणारी मुले या सर्वांचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो. म्हणून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार असून सध्या साताऱ्यात एका बँकेत सशस्त्र सुरक्षारक्षक आहे. माझ्याकडे स्वतःची डबल बार (दुनळी) बंदूक आहे. परवान्यावर वर्षभरात जितकी काडतुसे घेता येतील असे लिहिले आहे, त्याच्या निम्मीसुद्धा दुकानदार देत नाही. परवान्यावरचा आकडा हा माझा हक्क नव्हे काय?

उत्तर : परवान्यावर दोन आकडे असतात. एका वेळी जास्तीत जास्त किती काडतुसे जवळ बाळगता येतील हा एक, आणि वर्षभरात जास्तीत जास्त किती विकत घेता येतील हा दुसरा. हे दोन्ही आकडे मर्यादा सांगतात; तितका माल पुरवण्याचे बंधन ते दुकानदारावर घालत नाहीत. त्यामुळे दुकानात माल कमी असताना त्याने प्रत्येकाला थोडा थोडा दिला, तर त्यात बेकायदा असे काही नाही.

तरीही आपली तक्रार मला रास्त वाटते. बँकेच्या रक्षकाकडील बंदूक ही तिजोरी सांभाळण्यासाठी असते आणि त्यात जुनी, ओल लागलेली काडतुसे भरून उभे राहणे त्याच्याही जिवाला धोक्याचे असते. टंचाईच्या काळात विक्रेत्याने पहिला वाटा अशा लोकांसाठी बाजूला काढला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला अख्खा बॉक्स देऊन ड्युटीवरच्या माणसाला ‘माल आला की कळवतो’ असे सांगणे हा अन्याय आहे. आपण दुकानदाराला प्रतीक्षायादीत नाव लिहून घेण्यास सांगावे आणि आपला क्रमांक विचारावा. असे कोणी विचारू लागले की, ज्यांनी अशी यादी ठेवलेली नाही, तेही ती ठेवू लागतात. मागताना गरजेपुरतेच मागावे. बंदुकीत भरण्याची, सोबत ठेवण्याची आणि वर्षातून एकदा सरावासाठी लागणारी काडतुसे, एवढी गरज आपल्या दुकानदारालाही समजते.

प्रश्न : सांगली जिल्ह्यात वडिलांचे शस्त्रविक्रीचे दुकान मी नुकतेच चालवायला घेतले आहे. मागणी नोंदवली की निम्मा-पाऊणच माल येतो. म्हणून काही जुने व्यापारी सल्ला देतात की, पाचशेची गरज असेल तर दोन हजारांची मागणी नोंदव, म्हणजे पाचशे तरी हाती पडतील. हे योग्य आहे का?

उत्तर : हा सल्ला सर्व धंद्यांत दिला जातो आणि सर्व धंद्यांत तो टंचाई वाढवतो. आपण चौपट मागितले की शेजारच्या जिल्ह्यातील विक्रेताही चौपट मागतो. वर बसलेल्याला खरी गरज किती आणि फुगवलेली किती हे ओळखता येत नाही, आणि मग तो सर्वांच्या मागण्या सरसकट कापतो. ज्याने प्रामाणिकपणे पाचशेच मागितले होते त्याच्या हाती सव्वाशे येतात. पुढे उत्पादन सुरळीत झाले की हाच फुगवलेला माल एकदम दारात येतो, भांडवल अडकते आणि विक्री परवान्यावरील साठ्याची मर्यादा ओलांडण्याची वेळ येते. आपल्या धंद्यात ही मर्यादा ओलांडणे म्हणजे थेट परवान्यावर गदा येणे होय.

आपल्याकडे पर्याय इतके थोडे का, हे आधी समजून घ्यावे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नागरी वापरासाठीच्या शस्त्रांची आयात जवळजवळ बंद आहे आणि बारा बोअरच्या काडतुसांसाठी आपण मुख्यतः सरकारी कारखान्यांवर अवलंबून आलो आहोत. त्यांपैकी खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मधला आहे. ‘शक्तिमान’ नावाची काडतुसे आणि त्यांच्या पितळी बुडावरील ‘केएफ’ हा शिक्का आपल्या वडिलांच्या परिचयाचा असेलच. 1 ऑक्टोबर 2021 रोजी सरकारी शस्त्रकारखाने चालवणारे आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि खडकी त्यांतील म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातील कंपनीकडे आली. या कारखान्याचे पहिले काम सैन्याची गरज भागवणे हे आहे आणि ते तसेच असले पाहिजे. खडकीहून सांगलीला माल आणायला एक दिवस पुरतो. वेळ जातो तो उत्पादनाचा क्रम लागण्यात, पैसे आगाऊ भरण्यात आणि वाहतुकीच्या कागदपत्रांत. म्हणून घाई करून किंवा ओरड करून पुरवठा वाढत नाही. आपल्या हातात राहते ते एवढेच, की आपली मागणी खरी असावी आणि ती वेळेआधी पोहोचावी.

खरी मागणी काढण्यासाठी विक्री नोंदवही पुरेशी नसते. समजा, एखादा रक्षक एसजी (छर्र्याच्या एका आकाराची काडतुसे) मागायला आला, ती नव्हती म्हणून त्याने एलजी (दुसऱ्या आकाराची) नेली. नोंदवहीत एलजीची विक्री दिसते, एसजीची गरज दिसतच नाही आणि पुढच्या वेळी आपण एलजीच जास्त मागवतो. दुसरा माणूस काहीच न घेता परत गेला, तर त्याची कुठेच नोंद होत नाही. म्हणून कायद्याने ठेवावयाच्या नोंदवहीखेरीज एक साधी वही काउंटरवर ठेवा आणि त्यात कोणी काय मागितले, काय नेले आणि काय न मिळाल्याने परत गेला, एवढेच लिहा. बोअर, छर्र्याचा क्रमांक आणि काडतुसाची लांबी हे तीन रकाने पुरतात. एक हंगाम ही वही नीट भरली, तर मागणीचा आकडा कोणाला विचारावा लागणार नाही.

हंगामाचेही भान हवे. गळीत हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यांचे पहारेकरी येतात. पाटण, जावळी, शिराळा या भागांतील शेतकरी भात आणि भुईमूग उभा असताना येतात, कारण रानडुकरे तेव्हाच उतरतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना शस्त्रे जमा करावी लागतात आणि विक्री थंडावते. शस्त्रे परत मिळाली की सगळे एकदम दारात उभे राहतात. ही लाट ठाऊक असूनही तिच्यासाठी आधी मागणी न नोंदवणे ही आपली चूक, कारखान्याची नव्हे.

माल आल्यावर पेटीवरील लॉट क्रमांक (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) बिलाशी ताडून पाहा आणि नोंद पूर्ण झाल्याशिवाय एकही काडतूस काउंटरवर आणू नका. जुना लॉट आधी विकला गेला पाहिजे. रक्षकांचा वाटा बाजूला काढून उरलेला माल प्रतीक्षायादीच्या क्रमाने द्या, आणि एका माणसाला एका खेपेस किती देणार हे दुकानात लिहून लावा. टंचाईत भाव चढवू नका. आपले गिऱ्हाईक मोजके असते, पिढ्यान्‌पिढ्या तेच असते आणि अडचणीच्या वेळी कोणी किती घेतले हे ते विसरत नाही.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत राहतो. 2020 साली तेथील दुकानांत गोळ्यांच्या फळ्याच्या फळ्या रिकाम्या होत्या असे तो सांगतो. इतक्या मोठ्या उद्योगाच्या देशात असे कसे झाले? (कराड)

उत्तर : तेथे गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. आपल्याकडे पुरवठा अरुंद आहे, तेथे मागणीला पूर आला. महासाथ, त्या उन्हाळ्यातील अशांतता आणि अध्यक्षपदाची निवडणूक हे सर्व एकाच वर्षी आले. शस्त्रखरेदीच्या वेळी होणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्यांची संख्या त्या वर्षी सुमारे 3 कोटी 97 लाखांवर गेली. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री असे नाही, परंतु पहिल्यांदाच बंदूक घेणारे लाखो लोक त्यात होते आणि प्रत्येकाला बंदुकीबरोबर गोळ्याही हव्या होत्या.

कारखाने दिवसरात्र चालूनही पुरे पडले नाहीत, कारण गाडे प्रायमरपाशी अडले. काडतुसाच्या बुडाशी बसणारी ही ठिणगीची टोपी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या चारच : फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. त्यांतील रेमिंग्टन जुलै 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिचा काडतूस व्यवसाय दुसऱ्या कंपनीने विकत घेईपर्यंत शरद ऋतू उजाडला. प्रायमरचा मसाला इतका संवेदनशील असतो की त्याचा नवा विभाग उभारायला मोठा पैसा आणि काळ लागतो. शिवाय 2013 सालच्या टंचाईनंतर मागणी कशी ओसरली आणि माल कसा पडून राहिला, हे उत्पादकांना आठवत होते. त्यामुळे नवे कारखाने काढायला ते धजावले नाहीत. दुकानदारांनी माणशी एक-दोन डब्यांची मर्यादा घातली. ज्यांनी ती घातली नाही, त्यांचा माल पहाटे रांगेत उभे राहून घेणाऱ्यांनी नेला आणि चढ्या भावाने पुन्हा विकला.

प्रश्न : माझी मुलगी मिरजेत नेमबाजी शिकते. पॉइंट टू टूची (.22 बोअरची) काडतुसे अनियमित मिळतात आणि दर वेळी वेगळ्या लॉटची. सरावाचे काय करावे?

उत्तर : कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आपल्या भागात या खेळाकडे मुलांचा ओढा वाढला आहे, ही आनंदाची बाब आहे. स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे मात्र इंग्लंडमधील एली, फिनलंडमधील लापुआ, जर्मनीतील आरडब्ल्यूएस यांसारख्या कंपन्यांकडून येतात, आणि आयात म्हटली की उशीर आलाच.

लॉटबद्दलचे आपले निरीक्षण महत्त्वाचे आहे. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच रायफलीतून वेगवेगळे गट (लक्ष्यावर पडणाऱ्या गोळ्यांचे पुंजके) मारतात. म्हणून प्रत्येक पालकाने सुटी खरेदी करण्यापेक्षा क्लबमार्फत एकत्र मागणी नोंदवावी आणि रायफलीला जुळलेला लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवावा. रोजच्या सरावासाठी साधा लॉट चालतो. पवित्रा, श्वास आणि ट्रिगरवरील बोट यांचा सराव 10 मीटर एअर रायफलवर उत्तम होतो, आणि तिला लागणारे 4.5 मिलिमीटरचे छर्रे तुलनेने सहज मिळतात. पॉइंट टू टूची रायफल रिकामी चालवून सराव करायचा असेल, तर आधी प्रशिक्षकांना विचारा. तिची पिन चेंबरच्या (काडतूस बसते त्या घराच्या) कडेवर आदळून कड खराब होऊ शकते.

प्रश्न : 2021 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि काडतुसांची पेटी भिजली. आता नवी मिळत नाहीत, तर ती वाळवून वापरावीत का? (सांगलीवाडी)

उत्तर : वापरू नयेत. प्लॅस्टिकचे काडतूस बाहेरून कोरडे दिसले तरी तोंडाच्या घडीतून आणि टोपीच्या कडेने पाणी आत गेलेले असते. असा बार एकतर उडत नाही, उशिरा उडतो किंवा अर्धवट उडून गोळी नळीत अडकते. ती जाळू नयेत, पुरू नयेत आणि कृष्णेत टाकू नयेत. परवाना दाखवून पोलीस ठाण्यात लेखी कळवावे आणि सांगतील तेथे जमा करून पोच घ्यावी.

प्रश्न : मी पाटण तालुक्यातील शेतकरी आहे. आजोबांच्या वेळची बारा बोअरची बंदूक परवान्यासह माझ्या नावावर आहे. तिची 65 मिलिमीटरची काडतुसे मिळत नाहीत, 70 ची मिळतात आणि ती बंदुकीत नीट बसतात. वापरली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि टंचाईच्या काळात सर्वांत जास्त भीती मला याच प्रश्नाची वाटते. काडतुसाची लिहिलेली लांबी ही बार उडाल्यानंतर तोंडाची घडी पूर्ण उघडल्यावरची असते. न उडालेले 70 चे काडतूस त्यापेक्षा आखूड असते, म्हणून ते 65 च्या घरात (चेंबरमध्ये) आरामात बसते आणि बंदूक बंदही होते. बार उडताना मात्र घडी उघडायला जागा उरत नाही, तोंड नळीच्या निमुळत्या भागात दाबले जाते आणि आतला दाब वाढतो. जुन्या बंदुकीची नळी फाटण्याचे किंवा सांधा निखळण्याचे हे एक कारण आहे.

बंदूक उघडून, ती रिकामी असल्याची खात्री करून, पुढची लाकडी मूठ काढा आणि नळीच्या खालचा सपाट भाग पुसून पाहा. तेथे 65 किंवा 70, अथवा इंचांत अडीच किंवा पावणेतीन असे कोरलेले असते. काहीच वाचता आले नाही, तर बंदूक परवान्यासह अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन घर मोजून घ्या. त्याच खेपेत नळीला गंज किंवा पोचे आहेत का हेही पाहून घ्यावे. शेजाऱ्याकडे वीस बोअरची काडतुसे शिल्लक आहेत म्हणून तीही घालून पाहू नका. वीस बोअरचे काडतूस बारीक असल्याने बारा बोअरच्या घरातून पुढे घसरून नळीत अडकते, मागे दुसरे बाराचे काडतूस बसते आणि मग दोन्ही एकदम फुटू शकतात. दुसऱ्याने परवान्याविना भरून दिलेली काडतुसेही घेऊ नयेत. परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे.

पिकात रानडुकरे येत असतील, तर बंदुकीचा परवाना म्हणजे त्यांना मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याचा अर्ज वेळेत करावा. तोपर्यंत 65 च्या काडतुसांसाठी सातारा आणि कराड या दोन्ही ठिकाणच्या विक्रेत्यांकडे आपल्या बंदुकीच्या घराची लांबी स्पष्ट लिहून मागणी नोंदवून ठेवावी. त्या लांबीची गरज विक्रेत्याच्या वहीत दिसली, तरच ती पुढच्या मागणीत जाईल.