संसार सांभाळून जुनी क्लासिक गाडी ठेवणं जमतं का? घरचे वैतागत नाहीत का?

पद्मिनी घ्यायचं मनात आहे, पण घरी लहान मूल आहे आणि बायको नको म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे नागपुरात 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि ती वापरात आहे. जमतं. पण गाडी तुमच्या एकट्याची राहिली तर नाही जमणार.

ही गाडी माझ्या बाबांची. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट बाकासारखी सलग. सीटचे पट्टे मी नंतर बसवून घेतले. लेकरू घेऊन फिरायचं तर ते आधी करा.

रविवारी सकाळी साडेसहाला बोनेट उघडतो. ऑइलची पट्टी पुसून पाहायची, रेडिएटरचं पाणी, बॅटरीचं पाणी, ब्रेक ऑइल. लेक आठ वर्षांची आहे, टॉर्च तिच्या हातात. दोन-तीन महिन्यांतून एकदा डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या भागाची, टोपी काढतो. आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन संपर्क, काळे पडलेले असतात, त्यावरून बारीक पॉलिशपेपरचा तुकडा फिरवायचा, आणि मग फट मोजायच्या गेजची पाती पॉइंटच्या मधून सरकवायची. ते काम तिचं. "अडकून राहिली, बाबा," म्हणाली की मी स्क्रू जरा सैल करतो. पाती अलगद, किंचित घासत निघाली की ती मान डोलावते आणि मी स्क्रू आवळतो. तिच्या बोटांना आता तो फरक माझ्यापेक्षा लवकर कळतो. मग चोक ओढून गाडी सुरू, आणि तिघं गोकुळपेठ बाजारात भाजीला. येताना तर्री-पोहे.

हे दर आठवड्याला होतंच. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. बॅटरी उतरते, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात.

आता पंपावर मिळतं ते 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यानं जुनं रबर फुगतं, चिरतं. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाकून घेतले. गरम इंजिनवर पेट्रोल गळलं तर आग लागू शकते, इथे अजिबात काटकसर करू नका.

कागदांचं म्हणाल तर 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि हरित कर. व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात लागते, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. आमची वयात बसली तरी मी त्या वाटेला जाणार नाही. ही गाडी बाजारात जाणारी आहे, तशीच राहू दे.

आता बायकोचं. एका वर्षी मी तिला न विचारता पत्र्याचं काम काढलं. मॅट उचलली तर खाली गंज, काम वाढत गेलं आणि दिवाळीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. ती भांडली नाही. पण दोन महिने गाडीत बसली नाही, आणि ते मला फार लागलं. चूक माझीच होती. तेव्हापासून गाडीचे पैसे वेगळे, महिन्याला 3,000, आणि वही तिच्याकडे. मोठं काम निघालं तर आधी तिच्याशी बोलणं, मग मेकॅनिककडे.

त्यानंतरच्या मे महिन्यात रामटेकला निघालो होतो. उशीर झाला, ऊन चढलं, आणि मनसरच्या अलीकडे गाडी आचके देत बंद पडली. पंपातलं पेट्रोल तापून त्याची वाफ झाली की पंप ओढत नाही. नागपूरच्या उन्हात या गाड्यांचं हे जुनंच दुखणं. मी बोनेट उघडून थांबलो होतो. ती उतरली, डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडला, पिण्याच्या पाण्यात पिळून काढला आणि म्हणाली, "कुठे ठेवू सांगा." दाखवलं. तिनं पंपाभोवती तो गुंडाळला, वाळला की पुन्हा पाणी घातलं. वीसेक मिनिटांनी गाडी सुरू झाली. तो दुपट्टा अजून डिकीत आहे, आणि उन्हाळ्यात पाण्याची जास्तीची बाटली तीच भरून ठेवते.

तेव्हा गाडी पाहायला जाल तेव्हा वहिनींना सोबत न्या, चालवून दाखवा, किती पैसे लागतील ते मोकळेपणानं सांगा. आणि पायाखालची मॅट उचलून अंगठ्यानं पत्रा दाबून पाहा. इंजिनचं काम करून देणारे मेकॅनिक अजून आहेत. पत्रा सडलेला निघाला तर ती गाडी सोडा, दुसरी पाहा.