दारावरचे ओरखडे घरी काढावेत की पूर्ण दार रंगवून घ्यावे?

आपल्या प्रश्नावरून असे समजते की सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारची दुचाकी घासून आपल्या राखाडी मेटॅलिक गाडीच्या मागच्या दारावर तीन ओरखडे पडले आहेत, पेंटर पूर्ण दार रंगवायला सांगतो आहे आणि हे काम घरी जमेल का, असे आपल्याला विचारायचे आहे. माझ्या गाडीचे असे काम मी दोनदा घरी केले आहे, त्यापैकी एकदा बिघडवलेही आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तीनही ओरखडे सारखेच आहेत असे समजून कामाला लागू नका. आधी प्रत्येकाची खोली पाहा.

दाराच्या पत्र्यावर साधारणतः चार थर असतात: गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून जेमतेम शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. घासून काढायला आपल्या हाती एवढीच जाडी असते आणि एकदा घासून गेलेला क्लिअर कोट परत येत नाही.

दार शाम्पूने स्वच्छ धुऊन सावलीत वाळवा आणि ओरखड्यावरून ओले बोट फिरवा. ओला असताना ओरखडा दिसेनासा होत असेल आणि त्यावरून आडवे नख फिरवल्यावर ते अडकत नसेल, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. नख अडकत असेल आणि तळाशी वेगळा रंग दिसत असेल, तर तो प्रायमरपर्यंत गेला आहे. तळ चकाकत असेल किंवा तांबूस झाला असेल, तर पत्रा उघडा पडला आहे. दुचाकीच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. हँडलच्या मुठीचे रबर रंगावर घासून काळा पट्टा उमटतो आणि तो ओरखड्यासारखाच दिसतो, पण रंगाला काहीही झालेले नसते. मऊ कापडावर थोडे रॉकेल घेऊन पुसले की तो बहुधा निघतो; नंतर ती जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. थिनर मात्र वापरू नये, कारण त्याने रंग मऊ पडतो.

वरवरचा ओरखडा रबिंग कंपाउंडने, म्हणजे रंग घासून गुळगुळीत करणाऱ्या पेस्टने, जातो. दाराच्या कडांवर आणि मधल्या उठावाच्या रेषेवर रंग पातळ असतो, म्हणून तिथे आधी मास्किंग टेप लावावी. वाटाण्याएवढे कंपाउंड स्पंजच्या पॅडवर घेऊन हलक्या हाताने वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवावे, पुसून पाहावे, गरज असेल तरच पुन्हा करावे आणि शेवटी बारीक पॉलिश फिरवावे. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा बारीक घासकागद) लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु पहिल्यांदाच हे करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण कागद किती खोल गेला हे सवयीशिवाय हाताला कळत नाही. खोबरेल तेलाने ओरखडा नाहीसा झाल्यासारखा वाटतो तो केवळ खाच तेलाने भरल्यामुळे. दोन धुण्यांत तो परत दिसू लागतो.

खोल ओरखड्याला टच-अप रंग लागतो. तो कंपनीच्या रंग-कोडनुसारच घ्यावा. हा कोड दाराच्या खांबावरील स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर मिळतो. मेटॅलिक रंगातील ॲल्युमिनियमचे कण तळाशी बसतात, त्यामुळे बाटली दोन मिनिटे तरी हलवावी. माझी चूक इथेच झाली होती. दाराच्या मुठीखालची बोटभर लांबीची चीर मी बाटलीच्या ब्रशने एकाच फटकाऱ्यात भरली आणि वाळल्यावर तिथे मेणबत्तीच्या ओघळासारखा उंचवटा राहिला, जो नंतर पूर्ण खरवडावा लागला. दुसऱ्या वेळी टूथपिकच्या टोकाने फक्त खाचेच्या आत रंग सोडला, प्रत्येक थर वाळू दिला आणि तिसऱ्या थरानंतर क्लिअर कोट दिला. रंग वाळताना आकसतो, म्हणून एका थरात खाच भरतच नाही. गंज धरला असेल तर तेवढाच भाग खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आधी प्रायमर द्यावा. ब्रशने लावलेले मेटॅलिक कण फवाऱ्याच्या रंगासारखे बसत नाहीत, त्यामुळे जवळून पाहिल्यास दुरुस्ती ओळखू येईल. दोन पावलांवरून येत नाही.

पेंटर आपल्याला फसवतो आहे असे समजू नका. मधेच क्लिअर कोट मारला तर त्याची कड दिसते, म्हणून तो पॅनलच्या टोकापर्यंत न्यावा लागतो. परंतु कारखान्यात क्लिअर कोट सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजलेला असतो. तयार गाडीत प्लास्टिक आणि रबर असल्यामुळे गॅरेजमध्ये तेवढी उष्णता देता येत नाही, आणि विक्रीच्या वेळी जाडी मोजणाऱ्या यंत्रावर पुन्हा रंगवलेले दार लगेच कळते. तीन ओरखड्यांसाठी मूळ रंग घालवणे मला पटत नाही. पत्र्याला पोचा आला असेल किंवा वीतभर लांब पत्रा उघडा पडला असेल, तर मात्र पेंटरकडेच जावे.

विम्याचा दावा करण्यापूर्वी हिशेब मांडा. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला पहिले १,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात आणि पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्क्यांपासून पाचव्या वर्षानंतर ५० टक्क्यांपर्यंत वाढलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते.

पत्रा दिसत असलेला ओरखडा या आठवड्यातच भरा, विशेषतः पावसाळा जवळ असेल किंवा आपण कोकणासारख्या खाऱ्या हवेत राहत असाल तर. बाकीचे सवडीने केले तरी चालतील. टच-अप केलेल्या जागी महिनाभर वॅक्स लावू नका आणि रोज सकाळी गाडी पुसणाऱ्याला तोवर त्या दारावर कोरडे फडके फिरवू नका असे सांगून ठेवा.