पक्षाशी फारकत घेतल्यावर महिला नेत्याचं करिअर संपतं का? (ममता बॅनर्जींबद्दल माझं उत्तर)

तुम्ही विचारलंय की एखाद्या बाईने ज्या पक्षात उमेदीची वर्षं घालवली तोच पक्ष सोडला तर तिचं राजकारण संपतं का, आणि नाही संपलं तर कशाच्या जोरावर टिकतं. माझं मत स्पष्ट आहे. पक्ष सोडायच्या आधीच तिचा स्वतःचा मतदार तयार झालेला असेल तर टिकतं, नाहीतर नाही. हे मी ममता बॅनर्जींवरून सांगतोय, कारण 2003 ते 2007 मी नोकरीसाठी कोलकात्यात होतो, आणि खोली होती कालीघाटजवळ, म्हणजे त्यांच्याच मतदारसंघात.

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही सगळे भाडेकरू मासीमा म्हणायचो. घरात पिढ्यानपिढ्या काँग्रेस. 1996 पर्यंत पंजावर शिक्का आणि 1998 ला सरळ ममतांच्या नव्या पक्षाच्या गवतफुलावर. मी एकदा विचारलं की मासीमा, इतक्या वर्षांचा पक्ष असा कसा सोडलात, तर म्हणाल्या मी कुठे सोडला, दीदी (म्हणजे ममता) जिथे आहे तीच काँग्रेस. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आलं.

आता हा विश्वास आला कुठून ते बघा. 1984 ला जादवपूरमधून एकोणतीस वर्षांच्या ममतांनी माकपच्या सोमनाथ चॅटर्जींसारख्या दिग्गजाला पाडलं. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट होती हे खरं, आणि 1989 ला त्या हरल्याही, पण 1991 ला दक्षिण कोलकात्यातून परत आल्या आणि मग ती जागा कधी गेलीच नाही. ऑगस्ट 1990 मध्ये हाजरा चौकात मोर्चात त्यांच्या डोक्यात लाठ्या बसल्या, कवटीला मार लागला. जानेवारी 1993 मध्ये बलात्कार झालेल्या एका मूकबधिर मुलीला घेऊन त्या न्याय मागायला रायटर्स बिल्डिंगमध्ये (म्हणजे तिकडचं तेव्हाचं मंत्रालय) मुख्यमंत्री ज्योती बसूंच्या दालनाबाहेर बसल्या, तर पोलिसांनी ओढत बाहेर काढलं. त्याच वर्षी 21 जुलैला युवक काँग्रेसच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि 13 जण गेले. लाठ्या खायच्या त्यांनी आणि कार्यकर्त्यांनी, आणि त्यांची तक्रार ही की प्रदेश काँग्रेसचे नेते मात्र राज्यात सत्तेत असलेल्या डाव्यांशी आतून जुळवून घेतायत. प्रदेशाध्यक्षपदाच्या निवडणुकीत सोमेन मित्रांकडून त्या हरल्या होत्या, त्यामुळे संघटना हातात नाही पण रस्त्यावरचा माणूस त्यांच्याबरोबर, अशी ती सगळी परिस्थिती.

म्हणून मी म्हणतो की फूट एका दिवसात पडत नाही. ऑगस्ट 1997 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन कोलकात्याच्या नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये चालू होतं, आणि दीदींनी त्याच वेळी बाहेर मोकळ्यावर स्वतःची सभा घेतली. आत कोण आणि बाहेर कोण हे सगळ्या बंगालने बघितलं. डिसेंबरमध्ये पक्षाने त्यांना काढलं आणि 1 जानेवारी 1998 ला तृणमूल काँग्रेस उभी राहिली. नावात काँग्रेस ठेवली हे फार महत्त्वाचं, कारण मासीमांसारख्या लोकांना आपण घर सोडतोय असं वाटायला नको होतं.

इथे वेळेचाही भाग आहे जो लोक विसरतात. लोकसभा डिसेंबर 1997 च्या सुरुवातीलाच बरखास्त झाली होती, त्यामुळे पक्षांतरबंदीत खासदारकी जायचा प्रश्नच उरला नाही आणि दोन-तीन महिन्यांत थेट लोकांसमोर जाता आलं. निकाल काय लागला? तृणमूलला 7 जागा, आणि मूळ काँग्रेसला अख्ख्या बंगालमध्ये 1.

पण इथे थांबलं तर गोष्ट फार गोड वाटेल आणि तसं ते नव्हतं. भाजपबरोबर जाऊन 1999 ला रेल्वेमंत्री, मग 2001 ला तेहलका प्रकरणावरून (संरक्षण खरेदीतल्या लाचखोरीचं स्टिंग) बाहेर आणि विधानसभेला काँग्रेसशी युती, मग परत वाजपेयी सरकारात. या येण्याजाण्याने त्यांचं फार नुकसान केलं असं मला तेव्हाही वाटायचं. 2004 च्या मे महिन्यात निकालाच्या दिवशी मी मासीमांच्याच हॉलमध्ये टीव्हीसमोर होतो. एकेक उमेदवार पडत गेला, शेवटी अख्ख्या पक्षाची फक्त 1 जागा राहिली, दीदींची स्वतःची. मासीमांनी टीव्ही बंद केला, चहा ठेवला आणि कितीतरी वेळ कोणी काही बोललंच नाही. मग कप हातात देताना म्हणाल्या, एकटी का होईना, राहिली ना. 2006 ला विधानसभेत डाव्यांच्या 235 आणि यांच्या 30, तेव्हा तर ऑफिसात सगळे म्हणायचे की आता ही बाई संपली, आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं.

तिथून पुढे जे झालं ते कोलकात्याजवळच्या सिंगूरने केलं. टाटांच्या नॅनो कारखान्यासाठी सुपीक जमीन घेतली, त्यातले बरेच शेतकरी द्यायला तयार नव्हते, आणि डिसेंबर 2006 मध्ये दीदी कोलकात्यातल्या धर्मतल्ल्याला पंचवीसेक दिवस उपोषणाला बसल्या. मी ऑफिस सुटल्यावर दोनदा तिथून गेलोय. साधा मांडव, थंडी, आणि गर्दीत कितीतरी खेड्यातल्या बायका, ज्यांना पक्षाचं काही पडलं नव्हतं, जमिनीचं पडलं होतं. तिथे मला पहिल्यांदा कळलं की हा आता काँग्रेसमधून फुटलेला गट राहिला नाही, याला स्वतःचा प्रश्न मिळालाय. मार्च 2007 ला नंदीग्राममध्ये जमिनीच्याच आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात 14 माणसं गेली आणि डाव्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मग 2009 ला 19 खासदार आणि 2011 ला 184 आमदार, 34 वर्षांचं राज्य गेलं.

आपल्याकडे लोक लगेच शरद पवारांशी तुलना करतात. 1999 ला पवारही हकालपट्टीनंतरच वेगळे झाले, पण त्याच वर्षी राज्यात काँग्रेसबरोबर सत्तेत बसले. दीदींना पक्ष काढल्यापासून मुख्यमंत्रीपदापर्यंत तेरा वर्षं लागली आणि त्यात ती एका जागेची वर्षंही होती. त्यामुळे तुम्ही ज्यांचा विचार करून प्रश्न विचारलाय त्यांच्याबरोबर किती आमदार बाहेर पडले हे मोजत बसू नका. आमदार परत जातात. मासीमांसारखी किती घरं चिन्ह बदलून त्यांच्यामागे येतील ते बघा, आणि हातात एकच जागा राहिली तर त्या थांबतील का ते बघा.

20 मे 2011 ला शपथ झाल्यावर दीदी राजभवनातून गर्दीतून चालत रायटर्स बिल्डिंगला गेल्या, तेच जिथून 1993 ला ओढून काढलं होतं. मी तोवर परत आलो होतो. मासीमांना फोन लावला तर मागे टीव्हीचा आवाज इतका मोठा होता की एक शब्द ऐकू येईना, नुसत्या रडत होत्या.