रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर मुलांसाठी शुगर हा शिकण्याचा डेस्कटॉप कसा टाकायचा? घरातला मोबाइलचा चार्जर चालेल का?

आधी चार्जरचं. नाही चालणार. ‘दोन अँपियर लिहिलंय की त्यावर’ हे ऐकून कान किटलेत. पाय ३ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपियर लागतात. फोनच्या पोटात बॅटरी असते, दाब पडला तर तो फक्त सावकाश चार्ज होतो. पायला बॅटरी नाही. वायफाय, माउस आणि मेमरी कार्डावरचं लिखाण एकदम सुरू झालं की बारीक केबलमध्येच व्होल्टेज गळतं, ४.६३ च्या खाली गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण चमकते. एका शाळेत असंच झालं: इन्स्टॉल अर्ध्यात लटकायचं, म्हणून दोन कार्डं फेकली, तिसरंही तसंच. केबलसकट अ‍ॅडॉप्टर बदलल्यावर ते तिसरं कार्ड निमूट चाललं. संशय असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) टाका. शून्याऐवजी (0x0) काहीही आलं तर आधी वीज आणि उष्णता तपासा, कार्डाला दोष देऊ नका.

बाकी काम एका ओळीचं. १६ जीबी कार्डावर रास्पबेरी पाय ओएस, ‘सुडो ॲप्ट अपडेट’ (sudo apt update), मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल सुक्रोज’ (sudo apt install sucrose). सुक्रोज म्हणजे शुगरचा गाभा आणि त्यातली अ‍ॅप्स, म्हणजे नेहमीच्या अ‍ॅक्टिव्हिटीज. अपडेटच ‘फाइल अजून वैध नाही’ म्हणून अडलं तर घड्याळ बघा: पाय ३ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं, तारीख मागेच राहिलेली असते. मध्येच वीज गेली असेल तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (sudo dpkg --configure -a) देऊन पुढे चला.

मग रास्पी-कॉन्फिग (raspi-config) या सेटिंगच्या साधनात ऑटोलॉगिन बंद करा, नाहीतर लॉगिन करताना शुगरचं सेशन निवडायची संधीच मिळत नाही. नव्या ओएसवर तिथेच पडदा चालवणाऱ्या यंत्रणेत वेलँडऐवजी एक्स११ घ्या. मराठीसाठी लोकॅलमध्ये, म्हणजे भाषेच्या सेटिंगमध्ये, एमआर_आयएन (mr_IN) आणि ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ (fonts-lohit-deva) हे पॅकेज. मेनूतलं थोडं इंग्रजी तरीही राहील.

‘सेव्ह’ शोधू नका. सगळं आपोआप जर्नलमध्ये, म्हणजे शुगरच्या कामाच्या वहीत, जातं; ती बघायला एफ५ दाबा. एफ३ ने घर म्हणजे मुख्य पडदा, एफ६ ने पडद्याच्या कडांची चौकट. बंद करायचं ते घरातल्या मधल्या माणसाच्या चित्रावर राइट क्लिक करून. प्लग ओढायचा नाही, हे मुलांआधी मोठ्यांना सांगा.

पाय ३ ची १ जीबी रॅम पुरते का? शुगर मुळात २५६ एमबी रॅमच्या एक्सओ या मुलांच्या लॅपटॉपसाठी लिहिलेलं. २००७ मध्ये रायगडच्या खैरातमधली पोरं त्यावरच शिकली. ८ जीबीचा पाय घ्या म्हणणाऱ्यांना हे सांगा. फक्त इंटरनेट बघायची ब्राउझ अ‍ॅक्टिव्हिटी १ जीबीत रडते. इंटरनेट हवंच असेल तर २ जीबीचा पाय ४ घ्या, त्याला टाइप-सी, ५.१ व्होल्ट, ३ अँपियर. तोही फोनचा नाही.