हॅम रेडिओवर बँड मुका वाटला, कुणीच ऐकू आलं नाही, की आधी काय बघायचं

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) नेहमीइतकाच असेल तर अँटेना उतरवायची घाई करू नकोस. घड्याळ बघ. दिवसा आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) डी-थर ४० आणि ८० मीटर तरंगलांबीच्या बँडचे सिग्नल शोषतो, म्हणून दुपारी लांबच्या स्टेशनसाठी २० किंवा १५ मीटर धर. अंधार पडला की ४० उघडतो.

मग १४.१०० मेगाहर्ट्झवर सीडब्ल्यू (मोर्सचा मोड) लावून तीन मिनिटं नुसतं ऐक. जगभरचे बीकन (आपोआप खूण पाठवणारे ट्रान्समीटर) तिथे पाळीपाळीने १० सेकंद वाजतात: कॉलसाईन (स्टेशनचं ओळखनाव), पाठोपाठ १००, १०, १ आणि ०.१ वॉटचे लांब डॅश. १ वॉटचा डॅश कानावर आला तर तो मार्ग झकास उघडा आहे, सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) दे.

के-इंडेक्स (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा आकडा) ५ झाला की भूचुंबकीय वादळ. ध्रुवांजवळून जाणारे सिग्नल फडफडतात, मग बुडतात. तेव्हा लिनिअर (सिग्नलची शक्ती वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) चालू करणं म्हणजे वीज वाया.