‘तू त गाडीनं आली’

(दर्यापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. अमरावतीच्या हॉस्टेलपासूनच्या मैत्रिणीसोबत त्यांनी उन्हाळी सुट्टीत इंग्लंडची ‘कोस्ट टू कोस्ट’ पदयात्रा केली. पश्चिमेच्या सेंट बीजपासून पूर्वेच्या रॉबिन हूड्स बेपर्यंत, सुमारे ३०० किलोमीटर. शेवटच्या दिवशी ग्रोमाँट गावाशी मैत्रिणीचा गुडघा धरला. ती रेल्वेने व्हिटबीला आणि तिथून बसने पुढे गेली, या एकट्या चालत पोचल्या. किनाऱ्यावर यांच्या तोंडून निघून गेलं, ‘तू त गाडीनं आली.’ तेव्हापासून ती फोन उचलत नाही. आता १५ ऑगस्टला ग्रामपंचायत सत्कार करतेय आणि बॅनरवर यांचं एकटीचंच नाव आहे.)

ताई,

माफी तर मागायचीच आहे. पण कशाची, ते आधी नीट पाहा. गाडीत बसावं लागलं याचं वाईट तिला तुमच्याआधीच वाटलं असणार. तुम्ही ते ऐन समुद्रासमोर बोलून दाखवलंत.

सेंट बीजला तिथल्या रिवाजाप्रमाणे दोघींनी बूट पाण्यात बुडवले आणि पलीकडच्या समुद्रात टाकायला एकेक खडा खिशात घातला. तुम्ही तुमचा टाकला. तिने हातात घेतला, पाहिला आणि परत खिशात ठेवला. पत्रात तुम्ही हे एका ओळीत उरकलंय. मी मात्र तिथेच अडकले.

शेगावची पालखी तुमच्या भागाला नवी नाही. दिंडीत पाय सुजले की माणसं एखादा टप्पा सामानाच्या गाडीत बसतात. पंढरपुरात त्यांना कोणी ‘तुमची वारी मोडली’ म्हणतं का?

आणि ती दलदल! वाटेतल्या नाइन स्टँडर्ड्स डोंगराच्या माथ्यावर तुमचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला, पावसाळ्यात आपल्या काळ्या वावरात रुततो तसा. तिने चिखलात आडवं होऊन तुम्हाला ओढून काढलं. त्यानंतरच ती लंगडायला लागली, हेही तुम्हीच लिहिलंय. गुडघा तिथेच दुखावला का, हे तिला कधी विचारलंत?

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सॉरी’ नको. रविवारी एसटी धरा आणि वर्ध्याला तिच्या घरी जा. ‘माझं चुकलं, मी तसं बोलायला नको होतं,’ एवढंच म्हणा. ‘पण’ जोडू नका. गुडघ्याचं विचारा आणि ती जे बोलेल ते ऐकून घ्या. ‘राहिलेले २५ किलोमीटर पुन्हा जाऊन चालू’ हा विषय तुम्ही काढू नका, नाहीतर अपुरेपण पुन्हा तिच्याच पदरात पडेल. तिने काढला, तर मात्र पुढच्या सुट्टीचा हिशेब लगेच मांडा. पहिल्या भेटीत ती धड बोलणारही नाही कदाचित. चहा घेऊन परत या, काही दिवसांनी पुन्हा जा.

सत्काराचं म्हणाल, तर ‘दोघी संपूर्ण चालल्या’ असं खोटं छापू नका. ती तुमची दया तिला सहन होणार नाही. नाव टाकायचं तर दोघींचं टाका, तेही तिला विचारून. शाळेतल्या पोरांना दलदलीची गोष्ट तिचं नाव घेऊन सांगा, ती कार्यक्रमाला आली नाही तरी सांगा. बॅनरवाल्याला मात्र आजच फोन करून थांबवा.