सरांना दिसत नाही का?

"आमच्या सर्जरी युनिटमध्ये एकही बाई सर्जन नाही. मी शिकू कुणाकडून?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या, एम.एस. (सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्या मुलींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

ही दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणारी डॉक्टर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिली डॉक्टर. युनिटमधली मुलं सरांबरोबर चहाला जायची आणि उद्याच्या केसेस तिथंच वाटल्या जायच्या. हिच्या वाट्याला रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी ठेवायचं हत्यार, धरून उभं राहणं. वर सरांचा शेरा : "लग्नानंतर तू ओपीडीच बघणार."

"केस मागितलीस कधी?" मी विचारलं.

"मागायची कशाला? सरांना दिसत नाही का?"

"नसेल दिसत. दिसायलाच हवं, असं कुणी ठरवलं?"

ती भडकली. भडकू दिलं. अन्याय होताच, तो मी नाकारत नव्हते. पण 'सरांनी ओळखायलाच हवं', 'मेंटर बाईच हवी' असे हट्ट मनात बसले की माणूस नुसती वाट बघत राहतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, असे हट्ट तपासून बघणारी विवेकनिष्ठ पद्धत मला पटते ती इथंच.

पुढच्या वेळी तिला लॉगबुक, म्हणजे ऑपरेशन्सची नोंदवही, आणायला सांगितलं. पानंच्या पानं 'ए', म्हणजे असिस्ट. 'पीएस', म्हणजे देखरेखीखाली स्वतः केलेलं, एकदाही नाही. ती पानं उलटत राहिली, मग थांबली. "मॅडम, हे तर मी सरांसमोर ठेवू शकते." मी काही सुचवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझ्या गप्प बसण्याचा अभिमान वाटला.

शब्द आम्ही घोटून बसवले : "सर, मंगळवारच्या लिस्टमधलं हायड्रोसीलचं ऑपरेशन मला तुमच्या देखरेखीखाली करायचंय." सर म्हणाले, "आधी बोलायचं ना!" तिला राग आला, मलाही आला. पण मंगळवारी केस तिनं केली.

मुलींनो, एकाच माणसात सगळं शोधू नका. हात शिकवणारा एक, तुमचं नाव पुढं करणारा दुसरा, या वाटेनं गेलेली तिसरी. हिला ती तिसरी भेटली जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांच्या पोस्टिंगमध्ये. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "टेबल उंच पडतं ना? पायाखाली स्टूल माग. खांदे आखडून टाके नीट पडत नाहीत." हे सहा फुटी सरांच्या कधी लक्षातच आलं नसतं.

मात्र शेरेबाजी लैंगिक वळणावर गेली तर मेंटर शोधत बसू नका. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानं कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तिच्याकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या.